चामड्यावर रंगाचे फराटे आणि ओघळ मुद्दाम कसे उमटवावेत?

वहीवाला

नमस्कार. मी गेली दोन वर्षे हौसेने वह्यांची चामडी वेष्टने आणि लहान पाकिटे तयार करतो. आजवर माझी सारी धडपड रंग एकसारखा बसावा यासाठीच होती. डाग पडू नयेत, पट्टे दिसू नयेत, एवढेच पाहत आलो. आता नेमके उलटे हवे आहे. एका मोठ्या वहीच्या वेष्टनावर वरून खाली उतरलेले, लाकडातील रेषांसारखे किंवा पावसाने भिंतीवर उमटतात त्या ओघळांसारखे गडद-फिकट फराटे मला काढायचे आहेत. गंमत अशी की, एरवी न बोलावता येणारे पट्टे आता बोलावूनही येत नाहीत.

चामडे झाडांच्या सालीतील टॅनिनने कमावलेले, म्हणजे व्हेज टॅन, सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचे आणि वरून कोणताही लेप नसलेले आहे. रंग स्पिरिटमध्ये विरघळवलेले असून फिकट आणि गडद तपकिरी अशा दोन छटा माझ्याकडे आहेत. पहिल्या तुकड्यावर आधी सगळीकडे फिकट रंग दिला आणि तो वाळल्यावर गडद रंगात मऊ कुंचला बुडवून वरून खाली रेघा ओढल्या. कुंचला टेकला तिथे मोठा काळा ठिपका पडला, रेघ जेमतेम चार बोटे पुढे गेली आणि रंग संपला. शिवाय रेघेच्या दोन्ही कडा पेनाने आखल्यासारख्या गडद झाल्या. दुसरा तुकडा ओला करून हाच प्रयोग केला, तर सगळ्या रेघा एकमेकींत मिसळून एक ढगाळ डाग उरला. तिसरा त्यातल्या त्यात बरा उतरला होता. पण त्यावर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक लेप फडक्याने चोळला आणि गडद रंग फडक्याबरोबर सगळीकडे फिरला.

माझे नेमके काय चुकते आहे, आणि जुन्या पुस्तकांच्या चामडी बांधणीवर झाडाच्या फांद्यांसारखे जे ओघळ दिसतात ते याच पद्धतीने काढलेले असतात का, हे कोणी सांगितल्यास उपकार होतील.

जुना कुंचला

तुमचे रंग ठीक आहेत. तीनही तुकडे ओलाव्याच्या हिशेबात फसले आहेत, आणि तिसऱ्याच्या बाबतीत थोडी घाईही झाली असावी.

लेप नसलेले कोरडे व्हेज टॅन चामडे टीपकागदासारखे वागते. रंगाने ओथंबलेला कुंचला जिथे प्रथम टेकतो, तिथे तो सगळ्यात भरलेला असतो आणि चामडे त्याच जागी त्याच्यातला बहुतेक रंग शोषून घेते. पुढे ओढायला काही शिल्लकच राहत नाही. कडा गडद होण्याचे कारण वेगळे आहे. स्पिरिट झपाट्याने उडते, ते कडेला आधी उडते, आणि मधले द्रव आपल्याबरोबर रंग घेऊन त्या कडेकडे सरकत राहते. काचेवर गढूळ पाण्याचा थेंब वाळल्यावर भोवती मातीचे कडे उरते, तोच हा प्रकार.

म्हणून आधी आपल्याला काय हवे आहे ते ठरवावे. फराटा आणि ओघळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फराटा कोरड्या चामड्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने निघतो, तर ओघळ दमट चामड्यावर उतारामुळे तयार होतो. तुम्ही कोरड्या चामड्यावर ओला कुंचला आणि ओल्या चामड्यावर सपाट तुकडा अशी दोन्हीकडे उलटी जोडी लावलीत.

फराट्यांसाठी मऊ कुंचला बाजूला ठेवा आणि कडक, तुटक केसांचा, भिंत रंगवण्याच्या कामातून निवृत्त झालेला रुंद कुंचला घ्या. केस जितके वेडेवाकडे झालेले असतील तितके चांगले. केसांची फक्त टोके रंगात बुडवावीत आणि मग रद्दी कागदावर कुंचला इतका पुसावा की कागदावर भरीव पट्टा न उमटता सुट्या, केसासारख्या रेषा उमटू लागतील. त्यानंतरच तो चामड्याकडे न्यावा. चामड्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला लागून एकेक पुठ्ठा ठेवावा, कुंचला वरच्या पुठ्ठ्यावर टेकवून चालू करावा आणि न थांबता खालच्या पुठ्ठ्यावर नेऊन उचलावा, म्हणजे सुरुवातीचा ठिपका आणि शेवटचा धक्का दोन्ही पुठ्ठ्यांवर पडतात. हात मनगटातून न हलवता खांद्यापासून ओढावा. मनगटाने ओढलेली रेघ हमखास कमानीसारखी वाकते.

गडद रंग पहिल्याच हाताला निव्वळ वापरू नये. एक भाग रंगाला तीन भाग स्पिरिट या प्रमाणात पातळ केलेला हात सगळीकडे द्यावा, मग निम्मे पातळ केलेला थोड्या जागी, आणि निव्वळ गडद रंगाच्या रेषा अगदी मोजक्या ठेवाव्यात. फिकटाकडून गडदाकडेच जाता येते, कारण एकदा मुरलेला रंग परत काढता येत नाही. अर्थात थोडी सूट आहे: रंग ताजा असताना नुसत्या स्पिरिटने दमट केलेला स्वच्छ कुंचला त्याच दिशेने ओढला, तर काही रंग बाजूला सरकतो आणि मध्ये फिकट रेषा उघडते. लाकडाचा भास याच उघडलेल्या रेषांनी होतो, असा माझा अनुभव आहे.

ओघळांसाठी चामडे दोन्ही बाजूंनी स्पंजाने सारखे भिजवून थोडा वेळ तसेच ठेवावे. वरची चमक जाऊन मूळ रंग परत येऊ लागला, पण गालाला लावल्यावर अजून थंड लागते आहे, अशी ती अवस्था असते. चमक असताना रंग सोडला की तुमच्या दुसऱ्या तुकड्यासारखा ढग होतो. चामडे फळीवर टाचून फळी तिरपी उभी करावी, ड्रॉपरने वरच्या कडेला पातळ रंगाचा एकेक थेंब सोडावा आणि तो स्वतःच्या वजनाने उतरू द्यावा. उतार वाढवला की ओघळ बारीक आणि लांब होतो, कमी केला की रुंद होऊन मध्येच जिरतो. ओघळ हवा तिथे पोहोचताच फळी आडवी करावी. एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ओघळाच्या टोकाशी शेवटचा थेंब साचून राहतो आणि वाळल्यावर तिथे काळी गाठ दिसते, म्हणून टीपकागदाचा कोपरा त्या थेंबाला नुसता टेकवून तो उचलून घ्यावा, पुसू नये.

वाळवण्यासाठी गरम हवेचे यंत्र वापरण्याचा मोह आवरावा. ओले व्हेज टॅन चामडे साधारणपणे ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आकसते, आणि ते एकदा आकसले की पुन्हा पूर्ववत होत नाही.

शेवटी, चाचणीचे तुकडे त्याच कातड्याच्या त्याच भागातले घ्या. पाठीकडचे चामडे घट्ट असते, पोटाकडचे सैल आणि अधाशी. पाठीवर जो थेंब केसाएवढी रेषा देतो, तोच पोटावर बोटाएवढा पसरतो.

पुठ्ठा आणि खळ

जुन्या पुस्तकांवरच्या फांद्यांबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो, कारण मी हौशी पुस्तकबांधणी करतो. ते ओघळ रंगाचे नसतात. त्या पद्धतीला इंग्रजीत ‘ट्री काफ’ म्हणतात; ती १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये प्रचारात आली. फिकट, गुळगुळीत वासराच्या चामड्याने मढवलेले पुस्तक दोन दांड्यांच्या मध्ये पाने खाली लोंबतील असे टांगायचे, दोन्ही पुठ्ठे दांड्यांवर पसरून असे ठेवायचे की त्यांच्यावरचे पाणी खालच्या कडेच्या एका बिंदूकडे वाहील, आणि मग आधी पाणी, त्यामागोमाग हिराकस (लोहाचा एक क्षार) व पोटॅशियम कार्बोनेट यांच्या पातळ द्रावणांचे बारीक तुषार उडवायचे. पाणी ज्या वाटेने गेले त्याच वाटेने ही द्रावणे जातात, लहान ओघळ मोठ्याला मिळतात आणि खाली एकत्र येऊन झाडाचे खोड होते. म्हणजे चित्र उताराने काढलेले असते, बांधणीकार फक्त वेळ सांभाळतो आणि मनाजोगते दिसताच स्वच्छ पाण्याने सगळे धुऊन टाकतो. चामड्यावर आधी खळीचे पातळ पाणी फिरवून वाळवलेले असते, त्यामुळे द्रावण एका जागी भसकन न शोषले जाता वरवर धावते. ही खळीची युक्ती तुमच्या स्पिरिटच्या ऐवजी पाण्यातल्या रंगालाही उपयोगी पडेल.

हिराकसातील लोह आणि चामड्यातील टॅनिन यांचा संयोग होऊन करडा-काळा रंग तयार होतो. जुनी काळी शाई याच रसायनाने होत असे. ओल्या चामड्यावर लोखंडी हातोडी विसरली की उठणारा निळसर काळा डाग आपण सर्वांनी कधी ना कधी हळहळत पाहिला आहे. तोच डाग येथे कामाला लावलेला आहे. म्हणूनच ही पद्धत क्रोम क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर चालत नाही. त्या काळी बांधणीकाराला ही अडचण नव्हती, कारण क्रोम कमावणीची रीत फ्रिडरिख क्नाप यांनी १८५८ मध्ये दाखवली आणि तिचा व्यापारी प्रसार त्याही नंतर झाला. तुमच्या तुकड्याबद्दल शंका असेल तर कापलेली कड पाहा: क्रोम चामड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर करडी झाक असते.

हिराकस वापरण्याऐवजी मी व्हिनेगरमध्ये लोखंड मुरवून घेतो. साधे, गंजणारे स्टील वूल साबणाने धुऊन त्याचे तेल काढावे, सुकवून काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवावे आणि आठ-दहा दिवसांनी गाळून घ्यावे. भांडी घासण्याची न गंजणारी तारेची जाळी येथे निरुपयोगी आहे. बरणीचे झाकण सैल ठेवावे, कारण आत हायड्रोजन वायू तयार होतो, आणि त्याच कारणाने बरणी ज्योतीपासून दूर ठेवावी. हे पाणी जवळजवळ रंगहीन दिसते. चामड्यावर सोडल्यानंतर पहिल्या क्षणी काहीच झाले नसल्यासारखे वाटते आणि मग हवा लागत जाते तसतशी रेषा करडी, निळसर, शेवटी काळी होते. नवखा माणूस त्या पहिल्या क्षणी घाबरून दुसरा, तिसरा थेंब सोडतो आणि पाच मिनिटांनी कपाळावर हात मारून घेतो. आधी पाच पट पाणी घालून पातळ करावे आणि एक ओघळ सोडून सावकाश दुसरे काही काम करावे.

रेषा फिकटच राहिली, तर चामड्यात मोकळे टॅनिन कमी आहे असे समजावे. अशा वेळी आधी बिनदुधाच्या कडक चहाने चामडे पुसून घेतले तर फरक पडतो. काम झाल्यावर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा या द्रावणाने हलकेच पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने धुवावे. सोड्याचे प्रमाण वाढवू नये, कारण अल्काने, म्हणजे सोड्यासारख्या आम्लविरोधी पदार्थाने, चामडे काळवंडते आणि वरचा थर ठिसूळ होतो. हे सगळे कोऱ्या चामड्यावर करून, पूर्ण वाळल्यावर त्यावरून फिकट तपकिरी रंग सगळीकडे द्यावा. रंगाखालून सावलीसारखे वर येणारे ते ओघळ कुंचल्याने काढलेल्या कोणत्याही रेषेपेक्षा मला अधिक खरे वाटतात.

सावध

वरील पद्धत देखणी आहे हे मान्य करून एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. मी जुनी पुस्तके दुरुस्त करतो आणि ‘ट्री काफ’ बांधणीची पुस्तके माझ्या हाताखालून गेली आहेत. भिंग लावून पाहिले तर जिथे द्रावणाचा गडद तुषार पडला, नेमक्या तिथेच चामड्याचा वरचा थर खड्ड्यासारखा खचलेला असतो. फांद्यांच्या मधले फिकट चामडे शाबूत आणि फांद्या मात्र खपलीसारख्या सुटलेल्या, असेही पाहिले आहे. हिराकस हे लोहाचे सल्फेट असल्यामुळे मागे सल्फ्युरिक आम्ल राहते, आणि उरलेले लोह चामड्याचे तंतू हवेने कुजण्याची क्रिया चालूच ठेवते. व्हिनेगरच्या द्रावणातील आम्ल बरेचसे उडून जाते, त्यामुळे ते हिराकसापेक्षा सौम्य आहे. पण लोह तेथेही चामड्यातच राहते.

माझे मत असे की, जी वही पाचदहा वर्षे वापरून झिजवायची आहे तिच्यावर पातळ केलेले लोहद्रावण खुशाल वापरावे. जी वस्तू पुढच्या पिढीच्या हाती जावी अशी इच्छा आहे तिच्यावर ओघळ रंगानेच काढावेत.

रंगांच्या बाबतीतही एक चाचणी करून पाहण्यासारखी आहे, कारण चामड्यात मुरणारे रंग उन्हाने विटतात आणि प्रत्येक रंगाचा विटण्याचा वेग सारखा नसतो. एकसारख्या रंगाच्या वस्तूवर हे लवकर लक्षात येत नाही, पण फराट्यांचे सौंदर्य दोन छटांमधल्या अंतरावर अवलंबून असते आणि ते अंतरच बदलले तर काम फिके पडते. चाचणीच्या तुकड्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून तो महिनाभर खिडकीत ठेवावा आणि मग पुठ्ठा काढून पाहावे.

पुठ्ठा आणि खळ

सावध यांचे म्हणणे मला मान्य आहे. मी स्वतः लोहद्रावण फक्त वेष्टनांवर वापरतो, पुस्तकाला कायमच्या चिकटवलेल्या चामड्यावर नाही. वेष्टन खराब झाले तर बदलता येते.

वहीवाला

सर्वांचे मनापासून आभार. गेले तीन रविवार यातच गेले. कोरड्या कुंचल्याचे फराटे दुसऱ्या दिवशीच जमले. कागदावर कुंचला पुसताना ‘आता यात रंगच उरला नाही’ असे वाटू लागले, की तीच योग्य वेळ असते, हे हाताला कळायला पंधरावीस रेघा लागल्या. ओघळ मात्र पुष्कळ दिवस छळत होते. माझ्या फळीचा उतार फार होता आणि थेंब सरळ खाली पळून जात होते. फळीखाली एकावर एक पुस्तके ठेवून उतार निम्म्यावर आणला, तेव्हा ओघळ वाटेत थबकू लागले, किंचित वळू लागले, आणि दोन ठिकाणी तर आपोआप एकमेकांना मिळाले.

लोहाचे पाणीही एका तुकड्यावर करून पाहिले आणि पहिल्या क्षणी काहीच दिसत नाही म्हणून दुसरा थेंब सोडलाच. त्याबद्दल आधीच सांगितले गेले होते, त्यामुळे दोष कोणाला देता येत नाही. त्या तुकड्यावर आता काळ्या रंगाची नदी आहे.

वेष्टनासाठी मी रंगाचे ओघळ आणि त्यावर मोजके कोरडे फराटे असे ठरवले आहे. आता फक्त लेपाची भीती उरली आहे. तिसऱ्या तुकड्यासारखे पुन्हा होऊ नये यासाठी काय करावे, आणि लेप शिवण्याआधी द्यावा की नंतर?

जुना कुंचला

फडक्यावर जो रंग आला तो चामड्यात न मुरता वर बसून राहिलेला सुका रंग होता. गडद छटांमध्ये तो नेहमीच जास्त असतो. रंग दिल्यानंतर किमान २४ तास थांबावे आणि मग स्वच्छ, कोरड्या सुती फडक्याने फराट्यांच्या दिशेनेच घासावे. आडवे घासल्यास सुटलेला रंग फिकट पट्ट्यांवर चढतो. फडके बदलत राहावे आणि ते स्वच्छ निघू लागेपर्यंत थांबू नये. फराटे किंचित फिके पडतील, ते आधीच हिशेबात धरावे.

तेल लावणार असाल तर फारच थोडे लावा आणि लावल्यावर पुन्हा एक दिवस जाऊ द्या. तेलाने सगळेच चामडे गडद होते आणि फिकट भाग जास्त गडद झाल्यामुळे दोन छटांमधले अंतर कमी होते. माझ्या एका पट्ट्यावरचे आठवडाभराचे काम एका उदार हाताने लावलेल्या तेलाने जवळजवळ पुसून टाकले होते.

ॲक्रिलिक लेपाचा पहिला हात चोळून कधीच देऊ नये. तो हलका फवारून द्यावा. फवारा नसेल तर दमट स्पंजाने दाब न देता एकदाच, फराट्यांच्या दिशेने फिरवावा आणि मागे वळून तीच जागा पुन्हा पुसू नये. पहिला पातळ थर पूर्ण वाळला की खालचा रंग बराचसा बांधला जातो आणि पुढचे हात निर्धास्तपणे देता येतात. स्पिरिट किंवा अन्य तीव्र द्रावक असलेला लेप तुमच्या रंगावर नको, कारण तो स्पिरिटचा रंग पुन्हा विरघळवतो.

लेप शिवण्याआधी द्यावा, म्हणजे शिवताना बोटांच्या घामाने आणि मेणाच्या दोऱ्याने फिकट भाग मळणार नाहीत. फक्त वहीच्या कण्याजवळ, जिथे वेष्टन रोज दुमडणार आहे, तिथे एकच पातळ हात ठेवावा. तिथे जाड थर दिला तर दुमडीवर बारीक भेगा पडतात आणि तिथले ओघळ त्यांनी बिघडतात.